लाल झबल्याचा तुकडा

बचत गटाच्या बायका मला अधूनमधून बोलायला बोलावतात. विषय बहुतेक ठरलेला असतो, पूर्वीच्या घरात कचरा कसा होत नसे. मी शाळेत शिकवत असे, त्यामुळे चारचौघींत उभं राहायला भीत नाही. लुगड्याचं सांगते, राखेचं सांगते, बायका माना डोलावतात, शेवटी चहा होतो. परवा मात्र मागे बसलेल्या एका तरण्या सुनेनं विचारलं, "बाई, काईच टाकत नवते म्हनता, मंग उकिरडा कायचा होता?" सगळ्या हसल्या. मीही हसले, शेणाचा, पाल्याचा असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न मागे लागून आला. तिनं सहज विचारलं, की तिच्या कानावर कुणी काही घातलंय? आमच्याच गावाकडची तर नसेल ती? संशय यायला मला कारण लागत नाही. ती विद्या मी घरातल्या घरात शिकले, तीही ज्या घराची थोरवी मी या बायकांना सांगत असते त्याच घरात.

आमचं घर धानाचं. गावाच्या एका अंगाला भातशेतीच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि मधून एटापल्लीकडे जाणारी बंडीवाट. पहाटे जाग यायची ती ढेकीच्या आवाजानं. माय पायानं ढेकी दाबायची आणि आत्याबाई समोर बसून उखळातलं धान हातानं सारखं करायची. दाबणारीचा पाय आणि सारणारीचा हात यांत एका श्वासाचं अंतर असायचं. आत्याबाईनं कधी वर पाहून खात्री केली नाही, आणि मायचा पाय कधी चुकला नाही. एवढा एकच विश्वास त्या घरात मी पाहिला. त्या धानाचं काहीच वाया जात नसे. तांदूळ आमचा, कोंडा कोंबड्यांचा, तूस शेगडीचं, कणी म्हाताऱ्या बैलाची. भात शिजला की पेज निघायची, तिच्यातली अर्धी मीठ घालून आम्ही प्यायचो, उरलेली गाईला. सणावाराची असली तर बाबांच्या धोतराला खळ म्हणून. राखेनं भांडी घासायची, राखेत लाखोरीचं बी ठेवायचं, आणि शेवटी राख वांग्याच्या बुडाशी. जेवलेल्या पळसाच्या पत्रावळी शेळी अर्ध्या खायची, अर्ध्या खतात. वांग्याचं देठ टाकलं तरी आत्याबाई म्हणायची, "देठ का माह्या बापानं फुकट वाढवला का?"

आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन परत आली आणि घर तिच्या हाती गेलं. चिंध्यांचं खातं तिचं एकटीचं. लुगडं फाटायला आलं की दोन लुगड्यांचे धड भाग जोडून दांडाचं लुगडं व्हायचं. ते विरलं की आमची झबली, परकर. झबलं फाटलं की वाकळ. वाकळ गेली की पोतेरं, आणि पोतेऱ्यानं सारवून सारवून हातात नुसते धागे उरले की त्यांचा गोठ्यात डासांना धूर. वाकळीची पाळी येईपर्यंत चिंध्या आढ्याला टांगलेल्या एका टोपलीत असत. आत्याबाईला त्या मोजाव्या लागत नसत. गावातल्या माणसांना चेहऱ्यानं ओळखावं तशी ती त्यांना ओळखायची. "हे तुह्या बारशाचं. हे तुह्या मायच्या पहिल्या लुगड्याचं."

आज मी जेव्हा त्या काटकसरीचं कौतुक करते, तेव्हा एक गोष्ट गाळते. ती काटकसर निम्मी भीती होती. आपल्या अंगाचं काही परक्याच्या हाती लागू नये, ही भीती. विंचरलेले केस गुंडाळी करून भिंतीच्या भेगेत कोंबायचे आणि मग शेणाखाली पुरायचे. नखं तशीच. लेकराचं जुनेर तर कुणाला द्यायचंच नाही. दिलंच तर समोरून मागितल्यावर, चार माणसांदेखत. चिंधी वाया जाऊ नये म्हणून आत्याबाई ती टोपलीत ठेवायची, की ती कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

अशा घरात पोचूकाकू आली. माझ्या काकांची बायको. काका बांबूच्या कूपावर, तोडीच्या कामाला, वर्षातले आठ महिने जंगलात. तिकडेच भामरागडच्या वाटेवरच्या एका गावातली ही मुलगी त्यांनी केली. तिच्या बोलण्यात तेलुगू शब्द यायचे आणि चालताना तिच्या पायाचा आवाज व्हायचा नाही. दोन्ही गोष्टी आत्याबाईला खटकायच्या. त्याहून खटकायचं ते हे, की आत्याबाई ज्याला निरुपयोगी ठरवायची त्यातूनही काकू काहीतरी काढायची. अंबाडी सोलून फेकलेल्या काड्यांची तिनं कोंबड्यांना जाळी विणली. फुटक्या मडक्याच्या बुडात वास्ते आंबवले. बांबूचे ते कोवळे कोंब तिनं लाखोरीच्या डाळीत घातले, तेव्हा बाबांनी दुसऱ्यांदा भात मागितला, आणि आत्याबाईनं आपलं ताट बाजूला सरकवलं. चिंचोके आम्ही थुंकायचो, ती गोळा करून भाजायची, आम्हा पोरांना दुपारभर चघळायला द्यायची. आत्याबाई मायजवळ म्हणायची, "आपन टाकलेल्यात इचं काय ठेवलं आहे व? चांगलं मागत नाई, टाकलेलंच काऊन पाहिजे इले?"

माय म्हणायची, "गरिबाघरची आहे बाई. सवय आहे."

"गरिबाले भूक असते. इले भूक नाई, नजर आहे."

काकूची दोन लेकरं जन्मून गेली होती. दोन्ही महिन्याच्या आतच. गावात बायका ते बोलायच्या, पण "गेली" असं म्हणायच्या नाहीत. "दोन खाल्ले तिनं," असं म्हणायच्या. मी ते ऐकलं होतं. तरी मी तिच्या मागे मागे असायचे, कारण ती मला मोठ्या माणसासारखं वागवायची.

उन्हाळा संपत आला होता. मोहाची टोळ, म्हणजे त्याची फळं, वेचायला आम्ही दोघी बांधावर गेलो होतो. त्यांच्या बियांचं तेल निघायचं आणि ढेप भाजीच्या वाफ्याला. झाडाखाली बसून काकूनं पदराची गाठ सोडली, माझ्या हातावर मूठभर चारोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "बाई, एक काम करशील? तुह्या हातचंच पाहिजे."

तिला दिवस गेले होते. अजून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या माहेरी अशी रीत होती की ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिनं जगत्या लेकरांच्या अंगावरचं जुनेर घराघरांतून गोळा करायचं आणि येणाऱ्या लेकरासाठी त्याची दुपटी शिवायची. मधोमध जो तुकडा लावायचा तो जगत्या मुलाच्या कपड्याचा, आणि तो त्याच्या कुवार बहिणीनं आपल्या हातानं द्यायचा. एक अट होती. लेकरू रडेपर्यंत हे सांगायचं नाही. घेणारीनंही नाही आणि देणारीनंही नाही. "सांगितलं का लागत नाई," ती म्हणाली. "मागच्या दोन टायमाले मी सांगून बसली. माह्याच तोंडानं."

माझा भाऊ बबन तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याचं लाल छिटाचं झबलं फाटून टोपलीत पडलं होतं. आत्याबाई बांधीवर गेलेली पाहून मी पाटावर मसाल्याचं लाकडी उखळ पालथं ठेवलं, त्यावर चढले, झबलं काढलं आणि विळ्यानं तळहाताएवढा तुकडा कापला. काकूनं तो कपाळाला लावला आणि चोळीत ठेवला. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. कुणीतरी माझ्यावर एक जीव सोपवला होता.

मग बबनला ताप आला.

मृगाच्या आधीची ती उकाड्याची वेळ, लेकरं आजारी पडतातच. पण मला टोपलीतलं ते झबलं दिसायला लागलं. मी काकूवर डोळा ठेवू लागले. ती गोठ्यामागे जाऊन ओकायची आणि मातीनं झाकून परत यायची. ते मी पाहिलं. दुपारी तणशीच्या ढिगामागे बसायची, कुणी आलं की उठायची. तेही पाहिलं. बबनचे हात काड्या झाले होते आणि काकूचा चेहरा भरत चालला होता. त्याच्यातलं निघून हिच्यात जातंय, असं मला स्पष्ट दिसायचं. पोटुशी बाई भरतेच, हे कळायचं माझं वय होतं. पण संशयाला जे हवं तेच मला दिसत होतं. तिनं मला गोड बोलून फसवलं, चारोळ्या देऊन भावाचा जीव माझ्याच हातून काढून घेतला, असं मला वाटू लागलं. आणि हे कुणाला सांगावं तर तुकडा दिलेला मीच. मी पेज पिणं सोडलं. माय म्हणाली, भावाच्या मायेनं पोट्टी वाळून राह्यली.

पावसाळ्याआधी वाकळ घालायची म्हणून आत्याबाईनं टोपली खाली काढली. अंगणात चिंध्या पसरल्या. लाल झबलं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि कडेवरून अंगठा फिरवला. दुसऱ्या कुठल्या घरात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. फाटक्या झबल्याचा कोपरा नाही म्हणून कोण विचारतं? आमच्या घरात प्रत्येक चिंधीला पुढचा जन्म ठरलेला होता, म्हणून कळलं.

"हे फाटलं नाई," ती म्हणाली. "हे कापलं आहे."

सगळ्यांना बोलावलं. माय बबनला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. बाबा बैल सोडून आले. आत्याबाई कुणाला काही न विचारता तणशीच्या ढिगाकडे गेली, म्हणजे तिचीही नजर आधीपासून तिथे होती. तिनं गाठोडं ओढून काढलं. आत सात-आठ घरांच्या चिंध्या, बारीक टाक्यांनी जोडलेल्या, आणि मधोमध लाल छीट. इतकं सुबक शिवण आमच्या घरात कुणाला येत नव्हतं. ते पाहून तर आत्याबाईचा आवाज आणखी खाली गेला.

"बबनचं झबलं कोनं कापलं?"

 ती माझ्याकडे वळली. "टोपलीले तुहा हात पुरत नाई. पन उखळावर चढली तं पुरते. तू देल्लं का?"

काकू माझ्याकडे पाहत होती. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. ही आता सांगणार, असं वाटलं, आणि तिच्या आधी मी मान हलवली. "नाई."

"मी घेतलं," काकू म्हणाली.

"न विचारता?"

"हो."

"काऊन?"

 बाबा म्हणाले, "अव सांग ना काऊन घेतलं ते. गोष्ट मिटून जाते." तिनं ओठ आत घेतले. माय उंबऱ्यातून बोलली, तेवढं मला आजही ऐकवत नाही. "पोचू, काई केलं असशील तं परत घे व. मी कोनाले काई म्हननार नाई. माह्या लेकराले सोड."

काकूच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. ते तिनं कशासाठी मिटलं होतं हे त्या अंगणात दोघींनाच माहीत होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मीही तेच केलं, मीही वचन पाळलं, सांगितलं असतं तर दुपटी लागली नसती. हे खोटं आहे. वचन पाळायचं होतं तर गप्प बसायचं होतं. मी नाई म्हटलं.

आत्याबाईनं अंगणातच आग केली. त्या घरात कापड जळताना मी पहिल्यांदा पाहिलं. जुनं सुती कापड चटकन पेटत नाही, आधी धुमसतं. त्या वासानं बबन खोकू लागला आणि त्याला आत नेलं. काकू दुपटी पूर्ण जळेपर्यंत उभी होती. काका जंगलातच होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी बंडी जुंपली आणि तिला माहेरी पोचवलं. नद्या भरल्या की तिकडची वाट बंद होते, दिवाळीपर्यंत माणूस येत नाही की निरोप येत नाही. बाबांना हे माहीत होतं, आत्याबाईला माहीत होतं. फक्त तिला दिवस आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. बंडी निघताना मी मोहाच्या झाडावर जाऊन बसले होते.

बबनचा ताप उतरला. तोच पुरावा झाला. आत्याबाईनं काही बोलून दाखवलं नाही, पण शेजारणी येऊन बोलून गेल्या. मलाही सुटल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर पावसाळाभर मी मनापासून मानलं की आम्ही बरोबर होतो. मग कधीतरी, पाऊस घरावर आपटत असताना, ढेकीच्या आवाजात मला मधेच लेकरू रडल्यासारखं वाटायचं. मी ढेकी थांबवायला सांगायचे. माय विचारायची, काऊन? मी म्हणायचे, काही नाही.

धान कापून, चुरून झाल्यावर, थंडी सरता सरता काका तिला घेऊन आले. तिच्या कुशीत दोन महिन्यांचा मुलगा होता. चिंध्या जळाल्या, दुपटी नव्हती, म्हणून तिच्या मायनं दुसरी रीत केली होती. जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर टाकलं, लोळवलं, आणि टाकलेलं सापडलं असं म्हणून उचलून आणलं. दैवाला वाटावं, हे कुणाला नको असलेलं आहे, हे कशाला न्यायचं. नाव ठेवलं उकर्डा. काका हे सांगत असताना आत्याबाई खाली बसली. तिला सगळं एकदम कळलं असावं. ती चिंध्या ओळखणारी बाई होती.

"सांगाचं होतं ना व," ती म्हणाली.

"सांगाचं नवतं," काकू म्हणाली. एवढंच. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

काकांनी त्याच अंगणात वेगळी चूल मांडली. आणि ती चिंचोके वेचणारी, मडक्याचं बूडही न टाकणारी बाई सगळं जाळू लागली. उकर्ड्याची झबली लहान झाली की ती अंगणात आणायची, आमच्या दारासमोर आग करायची आणि एकेक टाकायची. विंचरलेले केस जाळायची. स्वतःची लुगडी दांड घालण्याजोगी असताना जाळायची. कुणाला तिच्या हातात चिंधी दिसू नये, आणि तिची चिंधी कुणाच्या हातात सापडू नये. आत्याबाई दारात गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली असायची, आणि धड कापड जळताना पाहायची. तिनं एकदाही थांबवलं नाही. ती मरेपर्यंत त्या अंगणात तो वास येत राहिला.

उकर्डा पुढे माजरीच्या कोळशाच्या खाणीत लागला. अजून दिवाळीला येतो, माझ्या पाया पडतो, आणि माझ्या सुनेनं फेकायला काढलेलं काहीबाही दुरुस्त करून ठेवून जातो. त्याच्या आईनं हे त्याला कधी शिकवलं नसणार, हे मला ठाऊक आहे. मी लिहिलेलं हे तो वाचेल. वाचू दे.

माझं लग्न झालं, पहिली मुलगी जन्मून चारच दिवस राहिली. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी माहेरी होते. माय म्हणाली, "काकूकडे जा. उकर्ड्याचं काई जुनेर मागून आन. त्याच्याएवढं नशिबाचं कापड गावात नाई." माय भोळी होती. मी गेले. काकू चुलीपुढे बसली होती. तिच्या घरात मी कित्येक वर्षांनी जात होते, आणि गेल्या गेल्या जाणवलं की त्या घरात चिंधीच नाही. खुंटीवर नाही, कोपऱ्यात नाही, चुलीजवळही नाही. मी बसले. पाणी प्याले. मग मागितलं. चार माणसांदेखत नाही, एकटीच होते, पण आमच्या रीतीप्रमाणे तोंडानं मागितलं.

"जुनं काई नाई माय माह्या घरी," ती म्हणाली. रागानं नाही. "तुले तं माहीत आहे."

मी उठले. दारापर्यंत गेले, तेव्हा ती मागून म्हणाली, "बाई, एक इचारू?"

मी थांबले.

"त्या दिवशी तू हो म्हनली असती, तं काय झालं असतं? मार पडला असता. एवढंच ना?"

 मी तिच्याकडे वळले.

"एवढंच," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. फार दिवसांचा काही हिशेब जुळावा तशी. मग बाजूला रचलेली पळसाची दोन पानं उचलली, दोन्ही हातांत धरली आणि त्यांनी चुलीवरचं भाताचं गंज उतरवलं.